संगणक-सहायक पंखा

नवीन राज्य झालं तेव्हा रायपुरात सर्वांत मोठी टंचाई छपरांची होती. भोपाळहून खाती आली, संचालनालयं आली, साहेब आले, त्यांच्या मागून ट्रक भरभरून फायली आल्या, आणि या सगळ्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न शहरापुढे उभा राहिला. कोणी वसतिगृहात बसलं, कोणी धर्मशाळेत. तलाव व विहीर गणना संचालनालयाच्या वाट्याला गुढ़ियारीतली एक बंद पडलेली राइस मिल आली. मिलमधली यंत्रं गेली होती, पण कोंड्याचा वास गेला नव्हता. वायरिंगही मिलच्याच काळातलं होतं आणि त्याला आपण आता शासनाच्या सेवेत आहोत याची जाणीव नव्हती. लाइट मनात येईल तेव्हा जात असे.

राज्यातले सगळे तलाव, विहिरी आणि बावड्या मोजून त्यांचे आकडे कंप्युटरवर चढवायचे, एवढंच या संचालनालयाचं काम होतं. त्यासाठी अधिकारी भरपूर होते, बाबू त्याहून भरपूर होते, कंप्युटर एक होता आणि तो चालवणारा माणूसही एकच होता. त्याचं नाव विनायक उमाठे. विनायक संविदेवर होता, म्हणजे दरवर्षी नव्याने नोकरीला लागायचा आणि दरवर्षी जुनाच पगार घ्यायचा. त्याचे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. विनायकही इथलाच होता, फक्त शासनदरबारी तो अजून कोणाचाच नव्हता.

संचालक साहेबांनी त्याला शब्द दिला होता. राज्योत्सवाच्या, म्हणजे राज्याच्या वाढदिवसाच्या, आत साऱ्या राज्याची गणना कंप्युटरवर चढली आणि छापील प्रत मंत्र्यांच्या हाती गेली, की विनायकला नियमित करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी वर जाईल. नाही चढली तर संविदा त्याच महिन्यात संपत होती आणि ती पुन्हा देण्याचं काही कारण उरत नव्हतं. साहेबांनी हे दोन्ही एकाच सुरात सांगितलं, त्यामुळे विनायकला ते धमकीसारखं वाटलं नाही, पण झोपही लागेना.

तात्यापाऱ्यात त्याचं भाड्याचं घर होतं. बायको सुनीती, शाळेत जाणारी मुलगी अनुश्री. भोपाळहून एकटेच आलेले बाबू लोक घरच्या जेवणासाठी कासावीस झाले होते. त्यांचे डबे सुनीतीने सुरू केले आणि खरं सांगायचं तर घर त्याच डब्यांवर चाललं होतं. विनायक मात्र कोणी विचारलं तर सांगायचा की मिसेसला स्वयंपाकाची आवड आहे.

तर, अडचण लाइटची होती. लाइट गेली की कंप्युटर बंद पडे, आणि पडताना जी फाइल उघडी असेल ती सोबत घेऊन जाई. सरगुजा जिल्ह्यातले तलाव असे तीनदा भरले आणि तीनदा आटले. मधे मधे सेव्ह करावं तर मशीन जुनं. एकदा सेव्ह होता होताच लाइट गेली आणि मग ती फाइल कधी उघडलीच नाही. फ्लॉपीवर प्रत ठेवावी म्हणून विनायकने स्टोअरकडे फ्लॉप्या मागितल्या, तेव्हा कळलं की फ्लॉपी ही उपभोग्य सामग्री आहे आणि जुन्या पूर्णपणे उपभोगून जमा केल्याखेरीज नव्या मिळत नाहीत. जुन्या नव्हत्याच. शेवटी त्याने यूपीएस मागितला.

यूपीएसची फाइल जिथे जिथे जायची होती तिथे सावकाश गेली. उपसंचालक शर्मिष्ठा मॅडम खरेदी समितीच्या अध्यक्ष होत्या. विनायकने मागितला होता टेबलाखाली मावणारा, बिस्किटांच्या डब्याएवढा यूपीएस. समितीने नोंदवलं की नव्या राज्याच्या संचालनालय स्तरावरील कार्यालयास असला किरकोळ डबा शोभणारा नाही. त्यामुळे कपाटाएवढा यूपीएस आला, त्याच्यासोबत लोखंडी मांडणीवर बॅटऱ्यांची रांग आली आणि त्या सगळ्याला जागा हवी म्हणून विनायकचं टेबल व्हरांड्याच्या दाराशी सरकवण्यात आलं. साहेबांनी यूपीएसला कुंकू लावलं. नारळ त्याच्यावरच फोडायचा बेत होता. कंपनीच्या मेकॅनिकने हात जोडल्यामुळे तो उंबऱ्यावर फुटला.

पहिले काही दिवस विनायकला स्वर्ग दोन बोटं उरला. लाइट जायची, सारं ऑफिस अंधारात बुडायचं, पंखे थांबायचे, आणि त्या अंधारात एकट्या विनायकचा पडदा उजळलेला राहायचा. सरगुजा चढला, दुर्ग चढला, बस्तर निम्म्यावर आला. लोक खोल्यांतून बाहेर येऊन ते दृश्य बघत. साहेबही आले. रुमालाने मान पुसत ते बराच वेळ उभे राहिले. शासनाचा राजपत्रित अधिकारी घामाने निथळतो आहे आणि संविदेवरच्या माणसाच्या पुढ्यात उजेड आहे, ही गोष्ट त्यांच्या कधी नव्हे ती लक्षात आली होती.

"इसमें सॉकेट कितने हैं?" त्यांनी विचारलं.

आठ होते. त्यातलं एक वापरात होतं.

आता बडे बाबूंची ओळख करून द्यायला हवी, कारण यापुढे जे घडलं ते त्यांच्या लेखणीतून घडलं. रामकृष्ण टेंभेकर हे संचालनालयाचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. मूळचे भंडाऱ्याचे, नियमांच्या बाबतीत मूळचे कुठलेच नाहीत. कोणताही नियम त्यांच्या हातात दिला की तो साहेबांना हवा तसा वळून बसायचा, आणि बसताना कुरकुरही करायचा नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी टीप सादर केली. आठ सॉकेट असताना सात रिकामे ठेवणे हा स्थापित क्षमतेचा अपव्यय असून लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येऊ शकतो. सबब रिकाम्या सॉकेटांचा तातडीने वापर करणे शासनहिताचे राहील.

फक्त एक खोच होती. यूपीएसच्या मंजुरी आदेशात लिहिलं होतं की तो केवळ संगणक व संगणक-सहायक उपकरणांसाठी आहे. बडे बाबूंनी यावर जेवणाची सुटी होण्याआधी तोडगा काढला. कंप्युटरमधून निघणारे आकडे शेवटी साहेबच वाचतात. वाचायला डोकं थंड लागतं. डोकं पंख्याने थंड राहतं. म्हणून साहेबांच्या खोलीतला पंखा हे संगणक-सहायक उपकरण ठरतं, प्रकार शीतलन. साहेबांनी खाली सही केली आणि त्यांचा पंखा यूपीएसवर आला.

शर्मिष्ठा मॅडम साहेबांच्या आधी आकडे तपासायच्या, तेव्हा त्यांचा पंखा मागे राहणं अन्यायाचं झालं असतं. मग साहेबांच्या खोलीतला कूलर आला, प्रकार आर्द्र शीतलन. चहाची इलेक्ट्रिक किटली आली. तिने काम करणाऱ्यांची तरतरी राहते, म्हणून ती कार्यक्षमता-वर्धक ठरली. साहेबांची घंटी आली, कारण घंटी वाजली नाही तर कंप्युटरवाल्याला बोलावणार कसं. क्रिकेटच्या दिवसांत टीव्ही आला आणि त्याच्या नावापुढे आकडेवारीचे दृश्य निरीक्षण असं लिहिलं गेलं. बल्ब लुकलुकणारी लक्ष्मीची तसबीर मात्र कोणतीही टीप न लिहिता जोडण्यात आली. तिला हरकत घेईल असा माईचा लाल साऱ्या संचालनालयात नव्हता.

यानंतर लाइट गेली की यूपीएस किंचाळू लागला. मेकॅनिक येऊन बघून गेला आणि म्हणाला की भार फार झाला आहे, काही तरी काढा, नाही तर एक दिवस सगळंच बसेल. काय काढायचं यावर बैठक भरली. किटली काढावी तर बैठकीलाच चहा लागत होता. मॅडमचा पंखा काढावा हे मॅडमसमोर कोणी सुचवेना. लक्ष्मीचा विषय निघाला आणि सगळ्यांनी हात जोडल्यामुळे तिथेच मिटला. अखेर शासनात असे पेच ज्या मार्गाने सुटतात त्याच मार्गाने हा सुटला. जोडलेल्या वस्तूंची ज्येष्ठता ठरवायची आणि सर्वांत कनिष्ठ वस्तू काढायची, असा ठराव झाला.

संध्याकाळी विनायक टेबलाशी आला तर कंप्युटरची वायर यूपीएसमधून काढून भिंतीतल्या साध्या बोर्डात खोचलेली होती. तो बडे बाबूंकडे गेला.

"बडे बाबू, यूपीएस कंप्युटरसाठी आणला होता ना?"

"हव. कंप्युटरसाठीच हाय. आदेशात तसंच लिवलं हाय."

"मंग कंप्युटरचंच काहून काढलं?"

बडे बाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मनात विनायकबद्दल वाईट काही नव्हतं. पोरगा कामाचा आहे हे ते जाणून होते.

"हे पाय विनायक. पंख्याखाली कोण बसते? साहेब बसते. साहेब राजपत्रित हायेत. कूलरपुढं तेच. टीव्हीपुढं समदा स्टाफ बसते, तो परमनंट हाय. आता तू मले सांग, कंप्युटरपुढं कोण बसते?"

"मी बसतो."

"तू कोन्या ग्रेडात हाय?"

विनायक कोणत्याच ग्रेडात नव्हता.

"तुलेच समजलं ना मंग," बडे बाबू म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला. जाता जाता त्यांनी एक तांत्रिक मुद्दाही समजावून दिला. यूपीएसवर आता फक्त संगणक-सहायक उपकरणं आहेत. कंप्युटर स्वतःच स्वतःचा सहायक होऊ शकत नाही, त्यामुळे झालं ते नियमातही बसतं.

विनायक त्या दिवशी घरी आला तो धुमसतच. सुनीती डब्यांच्या ओळीत वरण वाढत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून त्याने सगळी हकीगत सांगितली. जो कामाचा त्याच्या पुढ्यात अंधार आणि जे बसून राहिले त्यांच्या डोक्यावर पंखा, असं राज्य चालणार कसं, असं बरंच बोलला. सुनीती ऐकत होती. तिने एका डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"हे तुमाले आजच समजलं काय?" ती म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.

त्यात टोमणा होता की सहानुभूती हे बघायला विनायक थांबला नाही. त्याला बातम्या लावायच्या होत्या.

राज्योत्सव तोंडावर आला. बस्तर संपत आला होता, त्यानंतर सगळ्या जिल्ह्यांची एकत्र बेरीज आणि मग छपाई. एका दुपारी विनायक शेवटची गावं चढवत होता आणि लाइट गेली. आतल्या खोलीत साहेबांचा पंखा फिरत राहिला, किटली उकळत राहिली, लक्ष्मी लुकलुकत राहिली. विनायकचा पडदा काळा झाला. लाइट परत आल्यावर त्याने मशीन चालू केलं तर फाइल उघडेना. एकटा बस्तर नाही, ज्यात सगळे जिल्हे एकत्र केले होते ती मुख्य फाइलच गेली होती. विनायक खुर्चीत तसाच बसून राहिला. हात कीबोर्डवरच होते.

त्याच्याकडून स्पष्टीकरण मागण्यात आलं. त्याने खरं ते लिहिलं: लाइट गेल्यामुळे फाइल नष्ट झाली. या कथनाची रीतसर चौकशी झाली. शर्मिष्ठा मॅडमनी लेखी दिलं की त्या दिवशी त्यांचा पंखा क्षणभरही थांबला नाही. टीव्हीपुढच्या कर्मचाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं की अख्ख्या मॅचमध्ये एक चेंडूही बुडाला नाही. साहेबांनी स्वतःच्या अनुभवावरून नोंद केली की यूपीएस बसल्यापासून या कार्यालयात लाइट जाणं बंदच झालं आहे. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की संचालनालयात वीजपुरवठा अखंडित असून लाइट गेल्याचा अनुभव फक्त एका संविदा कर्मचाऱ्यास येतो, आणि तोही कामाच्या वेळेत.

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. ज्यांची लाइट जाते त्यांनाच ती गेलेली कळते, आणि ज्यांना कळते त्यांच्या सहीला त्या इमारतीत किंमत नव्हती. विनायकला हे कळलं आणि त्याचा राग एकदम ओसरून तिथे भीती आली. घरभाडं, अनुश्रीची शाळा आणि वर वडिलांनी रेल्वेत मिळवलेली इज्जत, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तो सरळ बडे बाबूंकडे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, काहीही सांगा, पण काही तरी मार्ग सांगा.

बडे बाबूंनी स्टोअर उघडायला लावलं. भोपाळहून फायलींसोबत एक हिंदी टाइपरायटर आला होता आणि तो कोंड्याच्या पोत्यांमागे पडून होता. गावोगावच्या पटवाऱ्यांनी मोजून पाठवलेले मूळ कागद शाबूत होतेच. विनायकने टाइपरायटर झाडला, तेल घातलं, व्हरांड्याच्या दारात उजेडाला बसला आणि साऱ्या राज्याचे तलाव, विहिरी, बावड्या कागदावर बडवू लागला. लाइट आली काय आणि गेली काय, टाइपरायटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बोटं सुजली, पण राज्योत्सवाच्या आत बाड तयार झालं. बडे बाबूंनी त्याला प्रेसमधून गुळगुळीत मुखपृष्ठ छापून आणलं. त्यावर उजळलेल्या कंप्युटरचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, पूर्णतः संगणकीकृत गणना.

मंत्र्यांनी पान उलटून बघितलं आणि अक्षर फार ठसठशीत आहे असं म्हणाले. साहेब म्हणाले, कंप्युटर का कमाल है, सर. दोघांचाही आनंद खरा होता. आणि साहेब शब्दाचे पक्के निघाले, हे कबूल केलं पाहिजे. प्रस्ताव वर गेला, आदेश खाली आला आणि विनायक उमाठे नियमित झाला. त्या दिवशी सुनीतीने डब्यांतसुद्धा श्रीखंड वाढलं.

नियमित झाल्यावर विनायकला आतल्या खोलीत बसायला जागा मिळाली. डोक्यावर पंखा आला. क्रिकेटचे दिवस संपल्यामुळे यूपीएसवरून टीव्ही उतरला होता आणि भाराच्या हिशेबात एका सॉकेटची सोय झाली होती. त्यावर पहिला हक्क नव्या नियमित कर्मचाऱ्याचा, असं बडे बाबूंनीच सांगितलं.

"बोल, काय जोडायचं? तुया कंप्युटर का तुया पंखा?"

विनायकने वर बघितलं, मग कंप्युटरकडे बघितलं. उकाडा आज ना उद्या येणारच होता. कंप्युटरवर तसंही आता विशेष काम नव्हतं, आणि जे येईल ते करायला संविदेवर नवीन मुलगी येणारच होती. शिवाय नियमांचा बारीक विचार केला तर पंखा हे संगणक-सहायक उपकरण होतंच.

"पंखा जोडा," तो म्हणाला.

ती नवीन मुलगी पुढल्या महिन्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात तोंड पाडून त्याच्याकडे तक्रार घेऊन आली, की भैया, लाइट गई और मेरा सब काम चला गया. विनायकने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. इथे लाइट जात नाही, असं त्याने तिला शांतपणे सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने घरी इन्व्हर्टर घेतला. पैसे डब्यांचे होते, पण आणला त्याने, म्हणून शेजारी अभिनंदन करायला आले ते त्याचंच. वायरिंगवाला संध्याकाळी आला, नेमका लाइट गेलेली असताना. त्याने टॉर्च लावून घर बघितलं आणि म्हणाला की बॅटरी लहान आहे, सगळं घर ओढणार नाही, पाच पॉइंट मिळतील, कुठले कुठले द्यायचे ते सांगा. विनायकला फार विचार करावा लागला नाही. हॉलचा पंखा, हॉलची ट्यूबलाइट, टीव्ही, बेडरूमचा पंखा. पाचवा बाहेरच्या दिव्याला, गल्लीत अंधार असताना आपला दिवा लागलेला दिसला पाहिजे.

वायरिंगवाला टॉर्च घेऊन आत डोकावला. आत सुनीती मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटत होती. डब्यांची ओळ मांडलेली होती. पदराने तिने कपाळ पुसलं आणि पुन्हा लाटणं धरलं.

"और किचन में भैया?"

"किचन में?" विनायकला प्रश्नच कळला नाही. "वहाँ कोई बैठता थोड़ी है. वहाँ तो बस काम होता है."

आतलं लाटणं क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं. वायरिंगवाल्याने पाच पॉइंट जोडले. पंखा फिरू लागला, टीव्ही लागला, आणि विनायक हॉलमध्ये पाय लांब करून बसला. लाइट गेली आहे हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

हे वाचताना तुम्हीही पंख्याखालीच बसला असाल. तुमच्या घरी इन्व्हर्टर बसवला तेव्हा पॉइंट कोणी सांगितले होते, ते आठवा. आठवत नसेल तर पुढच्या वेळी लाइट गेली की उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जा. फक्त त्यासाठी आधी तुम्हाला लाइट गेलेली कळायला हवी.